वाकचौरे वजा केले तर

रावसाहेब वाकचौऱ्यांना प्रकल्पातून काढून टाकायचं, एवढ्या एकाच हेतूने मी त्या समितीत बसायला तयार झाले. बाकीच्यांचे हेतू उदात्त होते. कुणाला पारदर्शकता हवी होती, कुणाला न्याय हवा होता, आणि पुण्याच्या एकाला आपलं नाव कुठल्याही यादीत चाललं असतं. मला फक्त वाकचौरे नको होते.

‘पाटपाणी’ हे आमचं मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांसाठी उघडा. कुणीही वाचावा, सुधारावा आणि सुधारणा पाठवावी. धरणातून कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की कालव्यातून फुटणाऱ्या कुठल्या चारीचं दार कधी उघडायचं आणि किती वेळ उघडं ठेवायचं, याचा हिशेब ते करतं. चार जिल्ह्यांतल्या पाणीवापर संस्था त्यावर चालतात. पगार कुणालाच नाही, त्यामुळे मान प्रत्येकाला हवा असतो.

ते सुरू केलं वाकचौऱ्यांनी. हे मी कबूल करते, कारण ते स्वतः कुणाला विसरू देत नाहीत. सहीखाली ‘संस्थापक’ लिहितात, अगदी कुणाच्या निधनाचा शोक कळवतानासुद्धा. पाटबंधारे खात्यात ते शाखा अभियंता होते. त्या खात्यात साहेबाला रावसाहेब म्हणायची पद्धत आहे. हे गृहस्थ निवृत्त होऊन संगमनेरला घरी बसले, पण रावसाहेबपण काही निवृत्त झालं नाही.

आणि त्यांचा कोड! चार ओळींचं काम चाळीस ओळींत, आणि चाळीसही चुकीच्या. त्यांचा दिवस सकाळी आठला सुरू होई. धरणाची पातळी खात्यात सकाळी आठला मोजतात, म्हणून जगाचाही दिवस आठलाच उजाडला पाहिजे, असा या माणसाचा प्रामाणिक समज. त्यामुळे आज सकाळी सातला उघडलेलं दार त्यांच्या कोडमध्ये काल उघडलेलं असे. पुढे कधीतरी त्यांनी पाणीवाटप लिहिलं, तेही कालव्याच्या मुखाकडून. पहिल्या चारीला आधी, मग दुसरीला, आणि शेवटच्या गावांना उरलं तर. ते वाचून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला गेले नाही. घरी बसून सगळं वाटप शेपटाकडून लिहून काढलं. शेवटच्या चारीला आधी भिजवायचं आणि मग वर सरकत यायचं. आज लोक ‘पाटपाणी’ वापरतात ते यासाठीच.

मी त्यांच्या कोडवर काय वाटेल ते लिहायचे. “हे लिहिताना आपण जागे होतात का?” हे त्यातल्या त्यात सौम्य. त्यावर त्यांचं उत्तर नेहमी एकच: “बरं बाई. मग कसं करायचं ते लिहा.”

मग मी लिहायचे. आठ-नऊ वर्षं हेच चाललं होतं.

अशात शासनाचा नियम आला. सार्वजनिक कालव्यावर चालणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरला तीन ‘राखणदार’ असावेत. कोडमधला कुठलाही बदल त्यांच्याच मंजुरीने व्हावा, आणि त्यांची निवड योगदान मोजून व्हावी. कशाने मोजायचं ते मात्र प्रकल्पाने ठरवायचं. त्यासाठी आमची समिती. जमायचं नाशिकला, डॉ. निरुपमा ताम्हनकरांच्या कॉलेजात. निरुपमा तिथे संगणकशास्त्र शिकवते आणि ‘पाटपाणी’तही पहिल्यापासून आहे. माझी जुनी मैत्रीण आहे आणि समितीतली एकटी अशी की जी बोलायच्या आधी विचार करते.

तिने तीन साधनं निवडून आणली होती. पहिल्याचं नाव ‘मोजपट्टी’. ते ओळी मोजतं. त्यात पहिला आला तो गावांच्या नावांची अख्खी यादी आत चिकटवून देणारा एक विद्यार्थी. मुक्त प्रकल्पाला हात लावला की आता कॉलेजात गुण मिळतात, त्यामुळे असे हात रोज लागतात. एकजण स्वल्पविराम घालतो आणि दुसरा तो काढतो, दोघेही पास होतात. दुसरे आले अर्थातच वाकचौरे.

“बघा,” वाकचौरे म्हणाले. सोबत आणलेला शेव-चिवड्याचा डबा ते टेबलावर सगळ्यांकडे सरकवत होते. “मी म्हटलंच होतं, ओळी काय खोटं बोलत नाहीत.”

दुसरं साधन ‘दरबार’. कुणाच्या कामाला किती लोकांनी वाहवा दिली, हे ते बघतं. त्यात पहिला आला तो पुण्याचा. हा मनुष्य प्रत्येकाच्या बदलाखाली ‘अप्रतिम!’ लिहितो आणि सगळे परतफेड करतात. कोड त्याने आजवर लिहिलेला नाही. मी शेवटून दुसरी होते. माझ्या खाली एक खातं होतं, त्याचा मालक वारला होता.

“आता तिसरं,” निरुपमा म्हणाली. “याचं नाव ‘वजाबाकी’. आमच्या विभागाने दुसऱ्या दोन विद्यापीठांबरोबर केलंय. पण शर्वाणी, हे आधी समजून घे. याने केलेलं मोजमाप बाकीच्या दोन्हींसारखं नाही.”

तिने समजावलं ते असं. ‘वजाबाकी’ प्रकल्पाचा जन्मापासूनचा सगळा इतिहास वाचते. प्रत्येक बदल, प्रत्येक शेरा, नाकारलेला कोड, भांडणंसुद्धा. त्यातून ती प्रत्येक माणसाचं एक प्रतिरूप तयार करते. समोर अमुक आलं तर हा माणूस काय करील, हे सांगणारं. ते खरं उतरलंय का हे तपासायला शेवटची दोन वर्षं तिच्यापासून झाकून ठेवतात आणि तिला ती ओळखायला लावतात. बहुतेक ओळखते. मग एक माणूस काढून टाकायचा आणि प्रकल्प पहिल्या दिवसापासून पुन्हा घडू द्यायचा, फक्त प्रतिरूपांकडून. एकदा नाही, हजारो वेळा, कारण एकदा घडलेलं योगायोगाचं असू शकतं. तो नसताना जे घडलं आणि तो असताना खरोखर जे घडलं, या दोहोंतला फरक म्हणजे त्याचं योगदान.

“लग्नातून एक मामा वजा केला,” ती म्हणाली, “तर नुसतं एक ताट कमी होत नाही. मामाशी जे भांडणार होते ते दुसऱ्या कुणाशी तरी भांडतात, किंवा लवकर घरी जातात. सगळं लग्नच वेगळं होतं. ओळी मोजून हे कळत नाही.”

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. वाकचौऱ्यांशिवायचं ‘पाटपाणी’! स्वच्छ, आटोपशीर, मध्यरात्रीला दिवस सुरू होणारं. हे स्वप्न मी इतकी वर्षं फुकट बघत होते, आता एक यंत्र ते सिद्ध करून देणार होतं.

“हेच घेऊया,” मी म्हटलं. “आणि निकाल येईल तो बंधनकारक. नंतर कुणी रडायचं नाही.”

मी बघत होते वाकचौऱ्यांकडे. त्यांनी चिवडा खाऊन हात झटकला.

“घ्या बाई, तुम्हाला पाहिजे ते. आपली काय ना नाही. अख्खी नोकरी मोजमापात गेली, आता आपलंच मोजलं तर काय बिघडतंय?”

पुण्याचा ‘अप्रतिम!’ म्हणाला आणि ठराव झाला.

निकालाच्या दिवशी निरुपमाने मला बैठकीच्या आधी तिच्या खोलीत बोलावलं. तिचा चेहरा बघूनच मला कळायला हवं होतं.

“तू वजा झालीस तर प्रकल्प लंगडतो,” ती म्हणाली. “चुका राहतात, चाराऐवजी एकाच जिल्ह्यात चालतो. पण चालतो. वाकचौरे वजा केले तर सुरुवात दुसरं कुणीतरी करतं, पण जवळजवळ प्रत्येक वेळी तिसऱ्या वर्षाच्या आत तो बंद पडतो.”

“यंत्र बिघडलंय.”

“मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून कारण शोधलं. कारण तू आहेस. ते नसले की तू सोडून जातेस.”

“मी? मी सोडून जाते?”

तिने पडद्यावर अशाच एका वाकचौरेविरहित इतिहासातला माझा पत्रव्यवहार दाखवला. माझ्या प्रतिरूपाने लिहिलेला. कोडचा पहिला भाग मी छान लिहिला होता. लोकांनी कौतुक केलं होतं. मी आभार मानले होते. कुणाच्या तरी बऱ्यापैकी कोडवर मी लिहिलं होतं, ‘छान काम. धन्यवाद.’ मग पत्रं विरळ होत गेली, आणि शेवटच्या पत्रात मी व्यग्र असल्यामुळे सर्वांना शुभेच्छा दिल्या होत्या.

“ही मी नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “मी आयुष्यात कुणाला शुभेच्छा दिलेल्या नाहीत.”

“भांडायला कुणी नसलेली तू आहेस ही. आणि शर्वाणी, शेपटाकडून वाटप यांतल्या एकाही इतिहासात कुणी लिहीत नाही. मुखाकडून कुणी लिहिलंच नाही, तर तुला राग कशाचा येणार?”

इतका अपमान माझा आजवर कुणी केलेला नव्हता. ज्या माणसाला मी कवडीची किंमत दिली नाही, त्याच्या नावावर माझं उत्तमातलं उत्तम काम जमा होत होतं. आणि बंधनकारकचा हट्ट माझा होता.

बैठकीत निकाल कारणासकट वाचला गेला. पहिले राखणदार वाकचौरे, दुसरी मी, तिसरी निरुपमा, कारण कुणीतरी शहाणं असावं लागतं. वाकचौरे आता सत्काराची तारीख मागतील, म्हणून मी दात आवळून बसले होते. पण त्यांनी तारीख मागितली नाही. कानापर्यंत लाल झाले. मग एवढंच म्हणाले, “म्हणजे माझ्या चुकाच कामाला आल्या म्हणा की.”

त्या दिवशी त्यांनी चिवड्याचा डबा उघडलाच नाही.

त्यानंतर त्या माणसाने जे केलं ते अक्षम्य होतं. तो सुधारला. चौसष्टाव्या वर्षी शिकवणी लावली. कोड लिहायला मदत करणारं यंत्र वापरायला शिकला. त्याचे बदल यायला लागले ते आटोपशीर, नेमके, प्रत्येकासोबत चाचणी जोडलेली. चाचणी म्हणजे कोड बरोबर चालतो की नाही हे आपोआप तपासणारा छोटा कोड. ही वस्तू आजवर वाकचौऱ्यांनी फक्त माझ्या शिव्यांमध्ये वाचली होती. मी सुरी परजून त्यांचा प्रत्येक बदल उघडायचे आणि आत कापायला काही नसायचं. शेवटी खाली ‘मंजूर’ लिहायचे.

घरीही त्याचे परिणाम दिसायला लागले. माझा नवरा श्रीरंग शाळेत भूगोल शिकवतो. तो संध्याकाळी आला की चहा ठेवायचा आणि विचारायचा, “आज काय केलं त्यांनी?” मग मी सांगायला लागायचे, तो हसून लोटपोट व्हायचा, आणि चहा दोनदा गरम करावा लागायचा. आता तो विचारायचा आणि मी म्हणायचे, “काही नाही.” मग आम्ही दोघं चहा पीत खिडकीबाहेर बघायचो. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर मला पहिल्यांदाच कळलं की आमच्या संसारातसुद्धा निम्मं बोलणं त्या माणसाचं होतं.

आणि नेमकं तेव्हाच काम अंगावर आलं. खात्याने चाऱ्यांना मोटारीची दारं बसवली. आमचा सगळा हिशेब पाटकरी हाताने दार उघडतो आणि बंद करतो, यावर उभा होता. मोटारीचं दार वीज गेली की असेल तिथे थांबतं, अर्धवट उघडं. त्यातून पाणी जात राहतं आणि खालच्या गावांचं वाटप कोसळतं. उन्हाळी आवर्तनाच्या आत हे सोडवलं नाही, तर दारं मुखाकडून हाताने चालवू, असं खात्याने कळवलं. म्हणजे मुखाशी ज्याचा आवाज मोठा त्याचं पाणी, जसं आधी होतं तसं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी रोज बसत होते. काही सुचत नव्हतं. माझ्यासारख्या बाईने काय करावं? मी ‘संभाव्य पर्यायांचा आढावा’ नावाचं टिपण लिहिलं! त्याखाली पुण्याच्याने ‘अप्रतिम!’ लिहिलं, तेव्हा मी किती खाली आले आहे ते मला कळलं.

शेवटच्या चारीवरच्या संस्थेच्या सचिव सगुणाबाई डोंगरे यांचा फोन आला.

“ताई, औंदा पाणी पोचंल ना खाली? जनावरांची वैरण पेरलीय समद्यांनी तुमच्या भरवशावर.”

“पोचेल,” मी म्हटलं. सगुणाबाईंशी मी आजवर खोटं बोलले नव्हते.

मी निरुपमाला फोन केला. तिने ‘वजाबाकी’ पुढे चालवून बघितली होती, आत्ताची माणसं तशीच ठेवून, कुणालाही वजा न करता.

“आवर्तनाच्या आत होत नाही,” ती म्हणाली. “वर्षभराने प्रकल्पच थांबतो. सगळे एकमेकांशी चांगले वागतात.”

“मग काय, त्यांना सांगू का की चुका करा?”

“सांगून केलेली चूक तुला ओळखू येईल. आणि मग राग यायचा नाही.”

मी फोन ठेवला. श्रीरंगने चहा आणून दिला आणि काही विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी वाकचौऱ्यांचा बदल आला. मथळा होता, ‘मोटारीच्या दारांचा प्रश्न सोडवला’. मी उघडला आणि कपाळाला हात लावला. अडकलेलं दार बंदच आहे असं धरायचं! उघड्या दारातून धो धो पाणी चाललंय आणि हिशेब म्हणतो बंद. त्या चारीच्या वाट्याचं पाणी पहिल्या चारीला द्यायचं, ‘कारण ती जवळ आहे’. आणि सगळा हिशेब सकाळी आठला नव्याने सुरू करायचा.

आठला! एवढी वर्षं घासून घासून मी ते आठ वाजायचे बंद केले होते.

मी जे लिहिलं ते इथे देत नाही, घरात मुलं असतील. थोडक्यात, पाणी उतारावर वाहतं हे खात्यात कुणी रावसाहेबांना सांगितलं होतं का, अशी चौकशी होती. त्यांचं उत्तर लगेच आलं.

“बरं बाई. मग कसं करायचं ते लिहा.”

मी लिहिलं. दार अडकलं तर त्यालाच वाहती चारी धरायचं, त्यातून जाणारं पाणी त्या चारीच्या पुढच्या वाट्यातून वळतं करायचं, आणि शेपटाचं पाणी काही झालं तरी आधी राखून ठेवायचं. एकदा मुखाकडून विचार करणाऱ्या माणसाला खोटं ठरवायचं म्हटल्यावर हे दिसायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. जेवायला उठले नाही. श्रीरंगने ताट टेबलावर आणून ठेवलं आणि चालताना पाय वाजवले नाहीत. सगळं लिहून, तपासून झालं तेव्हा मी थकले होते आणि फार बरं वाटत होतं.

मग त्यांचा बदल पुसायच्या आधी मी तो एकदा शांतपणे बघितला, आणि मला एक गोष्ट खटकली. वाकचौऱ्यांनी एक जुनी चाचणी काढून टाकली होती. शेकडो चाचण्यांतली एकच. त्यांची चूक पकडणारी चाचणी तेवढी एकच होती. ती राहिली असती तर बदल दारातच अडला असता आणि माझ्यापर्यंत आलाच नसता.

ज्याला आपली चूक कळलेली नाही, त्याला ती कुठली चाचणी पकडणार हे कुठून कळणार?

राखणदार म्हणून ‘वजाबाकी’ मलाही मिळाली होती, ती समोर उघडलेलीच होती. तिच्यात त्यांचं प्रतिरूप होतं. त्याला विचारता आलं असतं. हा एकच बदल मुद्दाम होता, की मुखाकडून वाटपाचा तो जुनाही? आणि आठचा दिवस? खात्यात तीस वर्षं शेवटच्या गावांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला खरंच वाटत होतं का, की पाणी मुखाकडून वाटावं? की त्याला बरोबर काय ते माहीत होतं, लिहिता मात्र येत नव्हतं, आणि लिहू शकणाऱ्या एका तिरसट बाईला कसं कामाला लावायचं तेवढं पक्कं ठाऊक होतं?

तसं असेल, तर इतकी वर्षं आमच्या दोघांत मूर्ख कोण होतं, तेही यंत्राने सांगितलं असतं.

मी विचारलं नाही. ‘वजाबाकी’ बंद केली आणि त्यांच्या बदलाखाली शेवटचा शेरा लिहिला. “रावसाहेब, नामंजूर. चाचणी काढून टाकली म्हणून चूक झाकली जात नाही. चूकही तुम्हाला धड करता येत नाही.”

उत्तरात त्यांनी फक्त सही केली. खाली ‘संस्थापक’.

उन्हाळी आवर्तनात वीज रोज गेली. दारं अडकली. शेवटच्या चारीत पाणी पोचलं तेव्हा सगुणाबाईंनी फोन करून मला त्याचा आवाज ऐकवला. मी वाकचौऱ्यांना कळवलं नाही. त्यांना त्याआधीच कळलं असणार, कारण त्याच दुपारी त्यांचा एक नवा बदल येऊन पडला. पाऊस आला तर दारांचं काय करायचं, याबद्दल. पहिल्याच ओळीत त्यांनी पावसाळा एक जूनला सुरू केला होता, सकाळी आठ वाजता.

संध्याकाळी श्रीरंग शाळेतून आला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने चहाचं आधण नेहमीपेक्षा जास्त ठेवलं.

“आज काय केलं त्यांनी?”

“विचारू नकोस,” मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून सांगायला बसले.